प्रवासाचा नकाशा घरी तयार करण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही दोघांनी आजवर पाहिलेली ठिकाणे दाखवणारा जगाचा नकाशा घरीच तयार करून भिंतीवर लावायचे ठरवले आहे. नकाशाकार मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीचा नकाशा मी जाणीवपूर्वक टाळला, कारण आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी असूनही त्यात दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. त्याऐवजी, आकारांत इतका फरक न पाडणाऱ्या रॉबिन्सन पद्धतीचा नकाशा सहा भागांत छापून घेतला आहे.

खरी अडचण चिकटवण्याची आहे. कॉर्कच्या फळीवर पांढऱ्या डिंकाने एक नमुना चिकटवून पाहिला, तेव्हा ओलाव्यामुळे कागद फुगला, वाळताना त्याला सुरकुत्या पडल्या आणि शेजारच्या भागांच्या किनारपट्ट्या जुळेनाशा झाल्या. कागद आधी ओलसर करून मग डिंक लावावा, की फवारणीचा गोंद अथवा दुहेरी चिकटपट्टी वापरावी? शाईच्या छपाईवर पाणी लागल्यास रंग पसरेल, अशीही भीती वाटते.

शिवाय, जवळजवळ असलेल्या शहरांवर टाचण्यांची गर्दी होते. तिथे त्या भागाचा मोठा करून दाखवलेला वेगळा नकाशा कोपऱ्यात जोडून दोऱ्याने सांधणे मला अधिक देखणे वाटते. असे कोणी केले असल्यास अनुभव कृपया सविस्तर लिहावा.