घरच्या कॉम्प्युटरला २५६ जीबी पुरे? कुणाच्या घरी?

नौपाडाकर
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "घरच्या कॉम्प्युटरला २५६ जीबीची एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) भरपूर झाली. फोटो क्लाउडवर टाका, सिनेमे ऑनलाइन बघा. एक टीबी (हजार जीबी) घेणारे उगाच दुकानदाराची धन करतात." त्याखाली अंगठ्यांची रांग लागलेली बघून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

२५६ च्या डिस्कवर विंडोज २३८ दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यात विंडोज ११, त्याचे अपडेट, हायबरनेशनची (चालू काम जपून पीसी झोपवण्याची) फाइल, ऑफिस. पोराने कॉल ऑफ ड्यूटी टाकला की तो एकटाच शंभराच्या वर जागा खातो. शिवाय एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग पडतो, म्हणजे थोडी मोकळी ठेवायलाच हवी. उरलं काय?

आमच्याकडे कॉम्प्युटर एक आणि माणसं चार. मुलीचं डिझाइनचं काम, बायकोच्या कथक क्लासचे व्हिडिओ, बाबांनी स्कॅन केलेली कागदपत्रं. फोनवर फोर-केमध्ये, म्हणजे खूप बारकाव्याने घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ ३५० एमबीपर्यंत जातो. अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे दहा जीबी. विंडोज आणि रोजच्या कामाला एक टीबीची एनव्हीएमई (साध्या एसएसडीहून वेगवान एसएसडी), साठवणीला वेगळी चार टीबीची साधी हार्ड डिस्क, असं माझं ठाम मत आहे. घरातली माणसं कॉम्प्युटरवर काय करतात ते न विचारता आकार सांगणाऱ्याचं ऐकू नका.

वाशी सेक्टर सतरा
ते लिहिणारा मीच. तुमच्या घरी चार माणसं चार कामं करतात, म्हणून सगळ्यांनी पाच टीबी घ्यायचे का? माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांत कॉम्प्युटरवर बँक, रेल्वेचं तिकीट आणि यूट्यूब एवढंच चालतं. क्लाउडचाही बाऊ करू नका. १०० एमबीपीएसने ५०० जीबी वर चढवायला अकरा-बारा तास लागतात. रात्री लावा, सकाळी काम झालेलं असतं.

नेरूळचा पक्षीवेडा
तुमच्या कनेक्शनला वर चढवायचाही वेग १०० मिळतो का, ते आधी मोजा. माझ्याकडे मिळत नाही.

हिवाळा सरताना ऐरोलीच्या खाडीत बोटीतून फ्लेमिंगो टिपायला गेलं की एका सकाळी हजारभर फोटो होतात. रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइल, प्रत्येकी ५० एमबी. झाले ५० जीबी. गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, आता मेलसकट सगळं १५ जीबीत. पुढे महिन्याच्या महिन्याला भाडं भरा. त्यापेक्षा डिस्क घ्यावी, फक्त सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे ना ते बघून. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर मोठ्या फाइली सलग लिहायला घेतल्या की मध्येच वेग बसतो, आणि दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

खारघरकरीण
दुकानांवरून आठवलं. आकाराचं नंतर बघा, आधी हे एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडणं कुणीतरी थांबवा! सासऱ्यांसाठी १ टीबीचा पीसी घेतला. जोडून देणाऱ्याने न विचारता सीला १०० जीबी दिले. वर्षाच्या आत सी भरून लाल, डी आणि ई रिकामे. सी वाढवायला विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये "एक्स्टेंड व्हॉल्यूम" दाबताच येत नाही, कारण कुठल्याच तुकड्याला न दिलेली जागा सीच्या लगेच शेजारी लागते आणि तिथे डी बसलाय. सासऱ्यांना वाटलं डिस्कच लहान आली.

घोडबंदरचा जुना गडी
तुकडे मी कायम पाडत आलोय आणि पुढेही पाडणार. विंडोज कोलमडलं की सी फॉरमॅट करायचा, डीमधल्या फायलींना धक्का लागत नाही. एकाच सीमध्ये सगळं कोंबणारेच नंतर रडत फोन करतात.

खारघरकरीण
आणि डिस्कच गेली की? सी, डी, ई सगळे एकदम जातात. माझ्या नणंदेने प्रबंधाची "दुसरी प्रत" डीमध्ये ठेवली होती. डीमध्ये टाकलं की सेफ, हे तिला तुमच्यासारख्याच जाणकाराने शिकवलं होतं. एसएसडी एका सकाळी दिसायचीच बंद झाली. दोन्ही प्रती गेल्या.

घोडबंदरचा जुना गडी
मी बॅकअप म्हणालो का? शब्द माझ्या तोंडी घालू नका. फॉरमॅटबद्दल बोलत होतो.

खारघरकरीण
फरक तुम्हाला कळतो हो. ज्यांना तुम्ही पीसी बनवून देता त्यांना कोण सांगतं?

नौपाडाकर
भांडू नका. सी लाल होण्याचं मूळ कंजूष आकारातच आहे. २५६ चे तुकडे पाडले की हेच होणार.

कळवा पूर्व
सगळे डिस्कवर बोलताय. २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. कॅबिनेट जमिनीवर, आणि लग्नाच्या फोटोंच्या सीड्या खालच्याच कप्प्यात. मूळही गेलं, प्रतही गेली. आता तुम्ही चार टीबी घ्या नाहीतर चाळीस, दुसरी प्रत त्याच घरात असेल तर उपयोग काय? वाशीवाल्यांचा क्लाउड मला त्यासाठी पटतो.

नेरूळचा पक्षीवेडा
हे मान्य करावं लागेल. तरी सगळा क्लाउड परवडणार नाही. निवडक फोटो वर चढवेन, बाकीच्यांची एक डिस्क भावाकडे डोंबिवलीला.

वाशी सेक्टर सतरा
निदान एकाला तरी पटलं. फोर-के आणि गेमचं गणित पाहता २५६ ऐवजी ५१२ म्हणायला माझी हरकत नाही. पण एक टीबी सरसकट नाही म्हणजे नाही.

नौपाडाकर
सरसकट मीही म्हटलेलं नाही. वरचं परत वाचा. आणि ५१२ च घ्यायची तर मदरबोर्डवर दुसरा एम-टू स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) मोकळा आहे ना, तेवढं बघून घ्या, म्हणजे पुढे अजून एक लावता येईल.

घोडबंदरचा जुना गडी
पुढच्या पीसीत सीला ३०० देईन. डीमध्ये दुसरी प्रत ठेवू नका, हेही गिऱ्हाइकाला सांगेन. डी मात्र पाडणारच.