मदत हवी आहे: पंगसच्या पोटात चरबी, पाठीला मांस धरत नाही

इंदापूरकडे कागद टाकलेलं शेततळं आहे, त्यात पंगस मासा सोडलाय. २८ टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य परवडेना, म्हणून घरीच बनवतोय. शेंगदाणा पेंड ६० टक्के, भाताचा कोंडा ४०. पेंडेत प्रथिनं साधारण ४३ टक्के आणि कोंड्यात १२ धरली तर हिशेब ३० च्या वर जातो. म्हणजे कागदावर माझं खाद्य सरस! मासा खातोही तुटून पडल्यासारखा. पण वजन भरत नाही. कापला की पोटात पिवळट चरबीच्या लोळ्या, पाठीचं मांस पातळ. व्यापारी भाव पाडतो ते वेगळंच. पाणी लवकर हिरवं होतं, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात.

प्रथिन तेवढंच, मग अडतंय कुठं? फिशमील (सुक्या माशांची भुकटी) न घालता जमेल का? "कंपनीचंच घाला" सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १
दादा, टक्का बरोबर आहे, पण आतली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिन ज्या तुकड्यांनी बनतं ते, बघा. शेंगदाणा पेंडेत त्यातली लायसिन आणि मिथिओनिन दोन्ही कमी. दहा मजूर आणि गवंडी एकच, तर भिंत गवंड्याच्या वेगानेच चढणार. उरलेल्या प्रथिनाचं मांस होत नाही; मासा ते जाळतो आणि त्यातला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात येतो. त्यावर शेवाळ पोसतं, तुमचं हिरवं पाणी बरंचसं तिथूनच. चरबीला मात्र कोंडा जबाबदार. तेल न काढलेल्या कोंड्यात तेल भरपूर असतं.

फिशमीलशिवाय जमेल. निम्मी पेंड काढून सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड) घाला, लायसिन भरून निघेल. सोयात मिथिओनिन कमी, ते तिळाच्या पेंडेत चांगलं असतं, म्हणून थोडी तीही. कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यातला ट्रिप्सिन रोधक नावाचा घटक प्रथिन पचू देत नाही. डीओसी तयार होतानाच भाजली जाते. आणि बुरशी आलेली शेंगदाणा पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी नको, त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृत धरतं.

प्रतिसाद २
वरच्यात भर. माशात नवे स्नायूतंतू जन्मानंतरही तयार होत राहतात, आपल्या जनावरांसारखी संख्या जन्माच्या सुमारास ठरून जात नाही. त्यामुळे बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लाच्या) वयात चांगलं खाद्य द्याच, घरगुती मिश्रण मासा मोठा झाल्यावर. सुटी मिथिओनिन पावडर नुसती वरून टाकली तर पाण्यात विरघळून जाते, गोळीत घट्ट बांधावी लागते.

धागाकर्ता
आभार दोघांचे. आजपासून कोंडा कमी करतो. तिळाची पेंड इकडे सहजी मिळत नाही, करडईची ढीगभर आहे. चालेल का?

प्रतिसाद १
सोललेल्या करडईची असेल तर थोडी चालेल. टरफलासकट असेल तर नुसता चोथा. लायसिन तिच्यातही कमीच, तेव्हा ती घातलीत तरी डीओसी कमी करू नका.