मदत हवी आहे: मक्यावर कुठला वेल चढवू?

मंडळी, मी कॅनडात व्हँकुव्हरला यूबीसीत (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात) शिकतेय. हा कॅम्पस मस्क्वियम या इथल्या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, नि यूबीसी फार्मवर मूळनिवासी लोकांच्या शिकायच्या बागा आहेत, त्यात एक मध्य अमेरिकेतून आलेल्या माया कुटुंबांची पण. तिथे मका, घेवडा, भोपळा सगळं एकत्र, मका वीतभर झाला की बुडाशी घेवडा टोकायचा, तो मक्यावर चढतो नि भोपळ्याची पानं खाली जमीन झाकतात, मग खुरपणी कमी! जूनमध्ये साताऱ्याला घरी हेच करायचंय, पण आपला पाऊस वेगळा. मका आडवा न करता कोण चढेल, चवळी की घेवडाच? वेलीच्या वालाला तर मांडव करतात. कुणी केलंय का? गावरान बी कुठे मिळेल? इकडचं बी परवान्याशिवाय आणता येत नाही, त्यामुळे ते सुचवू नका प्लीज.