रंगाची रेघ 2000 ला तुटतच नाहीये, उद्या जर्नल तपासणी!

शेवटचा_बाक: सेकंड इयर मेकॅनिकल. रेनॉल्ड्सच्या प्रयोगात (नळीतल्या पाण्यात रंगाची रेघ सोडून प्रवाह शांत की खळबळीचा ते बघतात) रेघ रेनॉल्ड्स अंक (वेग × व्यास ÷ व्हिस्कॉसिटी, म्हणजे पाण्याचा दाटपणा) 2000 झाला की विस्कटायला हवी ना? माझी 3400 पर्यंत सरळ. सर म्हणतात, रीडिंग चुकलंय. लवकर सांगा.

जुना_लॅबवाला: नळीचा व्यास? किती सेकंदांत किती पाणी? टाकी भरून किती वेळ थांबलात?

शेवटचा_बाक: 25 मिमी. 15 सेकंदांत 1 लिटर. टाकी आधीच्या बॅचने भरलेली, आम्ही जेवून आलो.

हिशेबी: म्हणजे व्हिस्कॉसिटी 20 अंशांची घेतलीस. पाण्याचं तापमान मोजलंस?

शेवटचा_बाक: नाही. मॅन्युअलमध्ये 20 च आहे.

हिशेबी: ऑक्टोबरात, नागपुरात, 20? 30 धर. गरम पाण्याची व्हिस्कॉसिटी कमी, म्हणून आकडा वाढून 4240 येईल.

शेवटचा_बाक: अहो, कमी करायचाय मला!!

निवांत_काका: आमच्या बेसिनचा नळ थोडा सोडला की धार काचेसारखी, जास्त सोडला की फसफसते. एरेटर बसवा, शिंतोडे उडत नाहीत.

जुना_लॅबवाला: काका, तो पाइपातला प्रवाह नाही. बाळा, तुझं रीडिंग ठीक आहे. 2000 च्या खाली धक्का बसला तरी तो विरतो, एवढंच. वर गेल्यावर धक्का बसायला तर हवा! तुझं पाणी जेवणाच्या सुट्टीत शांत झालं होतं. खुद्द रेनॉल्ड्सने 1883 मध्ये नळीला कर्ण्यासारखं तोंड लावून, टाकीतलं पाणी शांत होऊ देऊन 12,000 च्या आसपासपर्यंत रेघ टिकवली होती.

खडूस: 2000 नाही, 2300. कुठलंही पुस्तक उघडा.

जुना_लॅबवाला: पुस्तकागणिक आकडा बदलतो. 2011 च्या प्रयोगांत 2040 च्या सुमारास खळबळीचे पट्टे विरण्यापेक्षा दुभंगून पसरायला लागतात असं दिसलं.

खडूस: ते लांबलचक नळीत. 25 मिमीच्या नळीत 2000 ला प्रवाह नीट बसायलाच 3 मीटर लागतात. कॉलेजची नळी असते मीटरभर.

कॉपी_मास्तर: 2100 लिहून मोकळा हो. आम्ही सगळ्यांनी तेच केलं.

जुना_लॅबवाला: आणि व्हायवात विचारलं तर? त्यापेक्षा टाकीत वरून पाणी चालू ठेवून पुन्हा घे. रेघ लवकर तुटेल. दोन्ही आकडे लिही, तापमानासकट.

शेवटचा_बाक: घेतलं. 24 सेकंदांना लिटर असतानाच तुटली, 30 अंशांना 2650. पण शाई संपली, पोटॅशियम परमँगनेट चालेल का?

हिशेबी: चालेल. पातळ कर आणि गाळून घे, नाहीतर सुई तुंबते.

निवांत_काका: एरेटरचा आटा कुठल्या मापाचा घ्यायचा, कुणी सांगेल का?