कार्ल पर्किन्सला एल्विसची फूटपट्टी लावणं थांबवा

तारषड्ज:

अमेरिकन गायक-गिटारवादक कार्ल पर्किन्सचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "बिचारा! तो अपघात झाला नसता तर एल्विस प्रेस्लीच्या जागी तोच असता." परवा मित्रांच्या बैठकीत पुन्हा हेच ऐकलं आणि राहवलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पर्किन्सचा जन्म १९३२ चा, टेनेसीतल्या टिप्टनव्हिलजवळचा. घरचे दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसायचे, पोरंही कापूस वेचायला. डिसेंबर १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याने स्वतः लिहिलेलं 'ब्लू स्वेड शूज' मुद्रित केलं. नवीन वर्षात ते पॉप, कंट्री (अमेरिकी ग्रामीण संगीत) आणि रिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीयांचं संगीत) अशा लोकप्रिय गाण्यांच्या तिन्ही याद्यांत चढलं. २२ मार्च १९५६ ला पेरी कोमोच्या टीव्ही कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला निघालेला असताना डेलावेअरमध्ये त्याची गाडी एका ट्रकवर आदळली. ट्रकचा चालक गेला. कार्ल आणि त्याचा 'जे' नावाचा भाऊ, दोघांच्याही मानेची हाडं मोडली. तो अंथरुणावर असताना एल्विसने तेच गाणं टीव्हीवर गायलं. झालं, तेव्हापासून तो "बिचारा".

पण तारखा बघा ना. एल्विसने हे गाणं टीव्हीवर फेब्रुवारीतच गायलं होतं, अपघाताच्या महिनाभर आधी. आणि बिलबोर्ड साप्ताहिकाच्या पॉप यादीत पर्किन्सचं गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं, एल्विसचं २० च्या वर गेलं नाही. कुणी कुणाचं काही हिरावलं नाही.

त्याचा वारसा त्याच्या बोटांत आहे. लहानपणी तार तुटली तर नवी आणायला पैसे नसायचे, तीच गाठ मारून पुन्हा लावायची. त्या गाठीवरून बोट सरकवलं की कापायचं. मग त्याने सरकवणंच सोडलं आणि तार जागच्या जागी आडवी खेचून सूर वर न्यायला लागला. हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. 'हनी डोन्ट' ऐका: ई कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) गाणं एकदम सी कॉर्डवर उडी मारतं. साध्या कंट्री गाण्यात ही जागा कुणाच्या कानाला अपेक्षित नसते आणि तरीही ती खटकत नाही. असा माणूस दुसऱ्या कुणाची हुकलेली आवृत्ती कसा असेल?

सांजवेळ:

तारषड्ज, तारखा तुम्ही अचूक दिल्या आहेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. प्रश्न एका गाण्याचा नव्हताच. एल्विसचा करार सन कंपनीच्या मालकाने, सॅम फिलिप्सने, नोव्हेंबर १९५५ मध्ये ३५,००० डॉलरला विकला, तेव्हा सन कंपनीची पुढची सगळी भिस्त पर्किन्सवर होती. ऐन भरात असताना हा माणूस आडवा झाला. परत आला तोवर त्याच कंपनीत जॉनी कॅश वर येत होता आणि वर्ष संपता संपता जेरी ली लुईसही आला. भाऊ 'जे' त्या अपघातातून पुरता सावरलाच नाही, १९५८ मध्ये मेंदूतल्या गाठीने गेला. भावाच्या जाण्यानंतर कार्लचं पिणं किती वाढलं हे त्याने कधी लपवलं नाही. घरातला माणूस गमावलेल्याला तुम्ही "काही हिरावलं नाही" म्हणता?

खडा_सवाल:

मी दोघांशीही असहमत. पर्किन्स मुळात कंट्रीवाला होता आणि अपघात झाला नसता तरी कंट्रीवालाच राहिला असता. १९५६ मध्ये तो लग्न झालेला, पोराबाळांचा बाप होता. 'डिक्सी फ्राइड' ऐका, दारूच्या गुत्त्यातल्या मारामारीचं गाणं आहे ते. मला स्वतःला ते त्याचं सर्वोत्तम वाटतं, पण १६ वर्षांच्या पोरींनी त्यासाठी किंचाळायचं कशाला? पुढे कॅशच्या ताफ्यात तो गिटार वाजवत राहिला आणि कॅशसाठी 'डॅडी सँग बेस' लिहिलं, ते कंट्री यादीत सहा आठवडे पहिलं होतं. त्याची जागा तीच होती, आणि त्यात कमीपणा काय?

मींडवाला:

मी सतार शिकतो, त्यामुळे तार खेचण्याचा मुद्दा जिव्हाळ्याचा. गाठींची गोष्ट सुंदर आहे, पण तारषड्ज, ती सांगताना तुम्ही एक माणूस गाळलात. जॉन वेस्टब्रुक. त्याच कापसाच्या शेतात राबणारा वयस्क कृष्णवर्णीय मजूर. कार्ल त्याच्याकडे संध्याकाळी गिटार शिकायला जायचा, त्याला अंकल जॉन म्हणायचा. तार खेचून सूर चढवणं ब्लूजवाल्यांकडे आधीपासून होतं. पर्किन्सचं 'मॅचबॉक्स'सुद्धा बघा, त्यातल्या ओळींशी नातं सांगणारं ब्लूज ब्लाइंड लेमन जेफरसनने १९२७ मध्ये मुद्रित केलं होतं. गोऱ्या पोराच्या नावावर तिन्ही याद्या लागल्या आणि वेस्टब्रुकची एकही तबकडी नाही. अन्यायच मोजायचा तर तिथून मोजा.

तारषड्ज:

मींडवाला, वेस्टब्रुकचं नाव मी मूळ लेखातच घ्यायला हवं होतं. चूक माझी. कार्लने मात्र ते नाव आयुष्यभर घेतलं, हेही नोंदवतो.

सांजवेळ, भाऊ 'जे'बद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून "काही हिरावलं नाही" हे शब्द मी मागे घेतो. मला एल्विसपुरतंच म्हणायचं होतं.

पण खडा_सवाल यांना विचारतो, तो फक्त कंट्रीवाला होता तर लिव्हरपूलची पोरं, म्हणजे बीटल्स, त्याच्यामागे का लागली? १९६० च्या स्कॉटलंड दौऱ्यात त्यांच्यातल्या गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने स्वतःचं नावच कार्ल हॅरिसन करून घेतलं होतं. १९६४ मध्ये बीटल्सनी 'मॅचबॉक्स' मुद्रित केलं तेव्हा पर्किन्स त्या स्टुडिओत हजर होता. त्याच वर्षी त्याची आणखी दोन गाणी त्यांनी मुद्रित केली. त्या सोलोंत हॅरिसनची बोटं कुठून शिकली ते स्पष्ट ऐकू येतं.

आणि ४ डिसेंबर १९५६ चा तो प्रसिद्ध फोटो: एल्विस पियानोवर, भोवती लुईस, पर्किन्स, कॅश. त्या दिवशी स्टुडिओ पर्किन्सच्या मुद्रणासाठी लावलेला होता, लुईस पियानोच्या साथीला बोलावलेला, एल्विस सहज डोकावलेला. तरी फोटोकडे बघून लोक एल्विसचंच नाव घेतात.

खडा_सवाल:

बीटल्सचा मुद्दा मान्य. पण वादकांचा लाडका असणं वेगळं आणि लोकांचा लाडका असणं वेगळं. मी दुसऱ्याबद्दल बोलत होतो.

कापूसकोंड्या:

मी मेम्फिसला राहतो. इथून पूर्वेला जॅक्सन, जिथे पर्किन्स १९९८ मध्ये गेला. त्या गावात त्याच्या नावाचं एक केंद्र आहे, मारहाण-अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी. ते १९८१ मध्ये त्याच्याच पुढाकाराने उभं राहिलं आणि आजही चालू आहे. तुमच्या चर्चेत हे कुणीच आणलं नाही म्हणून लिहिलं.

सांजवेळ:

कापूसकोंड्या, हे मला ठाऊक नव्हतं, मनापासून आभार. तारषड्ज, शब्द मागे घेतलेत ते पोचलं. अपघाताबद्दल माझं मत तेच आहे. आता 'डिक्सी फ्राइड' लावलंय, खडा_सवाल यांच्या आग्रहावरून, आणि दुसऱ्यांदा ऐकतेय.