पोट्ट्याला धरलं तर मार, सोडलं तर निष्काळजीपणा : शिक्षकानं करायचं काय?

झेडपी_मास्तर (यवतमाळ जिल्हा)
आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. खिचडी झाल्यावर हापशीजवळ सहावीतल्या दोन पोरांची जुंपली. कारण काय, तर पाण्याच्या बाटलीचं झाकण. एकानं बांधकामाच्या ढिगातला गिट्टीचा दगड उचलला आणि दुसऱ्याच्या डोक्यावर उगारला. मी मागून जाऊन त्याचे दोन्ही दंड धरले, दगड हातातून पडेपर्यंत सोडले नाहीत. फार तर मिनिटभराचा मामला. पोरगं झटे घेत होतं, त्यात दंडावर माझ्या बोटांचे वळ उमटले. संध्याकाळी त्या वळांचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर : "गुरुजींनी मारलं." दुसऱ्या दिवशी बाप, काका आणि दोन कार्यकर्ते शाळेत हजर. आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा सल्ला एवढाच : "सर, यापुढं अंगाला हातच लावू नका."

म्हणजे दगड लागू द्यायचा? लागला असता तर हेच कार्यकर्ते "शिक्षक काय झोपले होते का?" म्हणत आले असते.

माराची बाजू मी घेत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17 : शारीरिक शिक्षा बंद, मानसिक त्रास बंद. त्यावर वादच नाही. पण मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायच्या बेतात असताना त्याला कसं, किती वेळ धरायचं, हे आम्हाला कुणी कधी शिकवलेलं नाही. एका प्रशिक्षणात नाही. ते लेखी द्या. नाहीतर भला मास्तर हात मागं घेईल आणि ज्याला झोडपायचंय तो दार लावून झोडपेलच.

वखरपाळी
मास्तर, तुमचं अर्धं बरोबर हाय. आमच्या टायमाले गुर्जी ओल्या फोकानं सोलून काढत. घरी सांगतलं तं बाप आनखी दोन ठेवून देये. आता पोट्टे मास्तरले भेत नाहीत, बापाले भेत नाहीत. धाकच नाही राह्यला तं दगड उचलणारच. थोडासा परसाद पाह्यजेच, कायदा काई म्हनो.

चौथा_बाक
भाऊ, त्या फोकापायी किती पोरं शाळा सोडून गुरं राखायला गेली, त्यांनाही विचारा. ती इथं लिहायला नाहीत.

काळा_कोट_पुसद
कायद्याचा भाग सांगतो, कारण केंद्रप्रमुखांचा सल्ला कायद्याला धरून नाही. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 34 आणि 35 नुसार स्वतःच्याच नाही, तर दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करण्याचाही हक्क प्रत्येकाला आहे. कलम 36 तर तुमच्याच प्रसंगासाठी लिहिल्यासारखं आहे. हल्ला करणारा अजाण वयाचा किंवा मनोविकल असल्यामुळं त्याचं कृत्य गुन्हा ठरत नसलं, तरी त्याच्यापासून बचाव करण्याचा हक्क कमी होत नाही. अट एकच, कलम 37 : बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. दगड पडेपर्यंत धरलं, हे बसतं. दगड पडल्यावर कानाखाली वाजवली असती तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 लागलं असतं.

त्यामुळं नवा अधिकार मागू नका. आहे तो पुरेसा आहे.

वेदांतची_आई
सर, तुमच्याबद्दल राग नाही. पण तुम्ही मागताय ते लेखी आलं, तर त्याचा पहिला उपयोग दगड उचलणाऱ्या पोरावर होणार नाही. माझ्या पोरावर होईल.

माझा मुलगा स्वमग्न आहे, चौथीत. घंटेचा आवाज त्याला सहन होत नाही. कान दाबतो, ओरडतो, कधी समोरच्याला ढकलतो. आधीच्या शाळेत त्यावर उपाय काय होता? मोठ्या वर्गातली दोन पोरं बोलवायची, एकानं हात धरायचे, एकानं पाय. एकदा मी डबा द्यायला गेले तर ओढणीनं खिडकीच्या गजाला बांधलेला. मनगटाची सालटी निघाली होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याच्याच भल्यासाठी हो, पडला असता ना." तुमच्या लेखी नियमातही हेच शब्द असतील : सुरक्षेसाठी.

आताच्या शाळेत एवढंच करतात, घंटा द्यायच्या आधी एक मुलगी त्याला मागच्या कडुनिंबाखाली नेऊन बसवते. संपलं. कुणाला धरावं लागत नाही.

झेडपी_मास्तर
ताई, वाचून अंगावर काटा आला. पण बघा, बांधणं, पोरांकडून धरवणं, हे तुमच्या मुलाच्या बाबतीत कुठलाही नियम नसतानाच झालं ना? नियम असता, "बांधायचं नाही, कोंडायचं नाही, विद्यार्थ्यांकडून धरवायचं नाही" असा, तर तुमच्या हातात दाखवायला कागद असता.

वेदांतची_आई
कलम 17 चा कागद होताच की. काय झालं?

वॉर्ड_नंबर_सहा
मी मानसिक आरोग्याच्या वॉर्डात नोकरी केली आहे, म्हणून लिहिते. ज्या प्रश्नावर शाळेत अंधार आहे, त्यावर दवाखान्यासाठी संसदेनं कायदा केलाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 97. रुग्णाला एकांतात कोंडायला बंदी. धरणं किंवा जखडणं फक्त तेव्हा, जेव्हा इजेचा धोका समोर उभा आहे आणि टाळायचा दुसरा उपाय नाही. तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. शेवटचं वाक्य दोनदा वाचा. प्रत्येक वेळेची नोंद, आणि 24 तासांत रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला खबर.

मोठ्या माणसाला एवढं संरक्षण आहे आणि सहा वर्षांच्या लेकराला शाळेत त्यातलं काहीच लिहिलेलं नाही.

आणखी एक, हे वाद घालण्यासारखं नाही, जिवाचं आहे. पालथं पाडून धरायचं नाही. पाठीवर गुडघा नाही, वर बसायचं नाही, छाती-मान दाबायची नाही. श्वास अडकतो. पोरगं "दम लागतो" म्हणालं किंवा एकदम गप्प झालं, तर तत्क्षणी सोडा. झटापट थांबली म्हणजे शांत झालं असं समजणारे खूप बघितलेत.

वखरपाळी
बाप्पा! आमी तं म्हशीच्या वगाराले बी असंच पाडतो.

चौथा_बाक
इंग्लंडात हे लेखी आहे. तिथं सरकारी शाळांतली छडी 1987 ला बंद झाली, पण 2006 च्या शिक्षण कायद्याच्या कलम 93 नं शिक्षकाला वाजवी बळ वापरायची मुभा दिली. इजा टाळायला, मालमत्तेचं नुकसान टाळायला, आणि वर्गाची शिस्त राखायलासुद्धा. मास्तरांना हेच हवंय का?

झेडपी_मास्तर
शिस्तीसाठी नको. तिथंच घोळ होईल. "बडबड करत होता म्हणून धरला" असं सुरू व्हायला आठवडाही लागणार नाही. फक्त इजा.

काळा_कोट_पुसद
आणि तिकडं वर्गात साहाय्यक असतात. आपल्याकडं पाचवीपर्यंत 60 मुलांना दोन शिक्षक मंजूर. त्यातला एक ऑनलाइन माहिती भरत बसलेला, नाहीतर पंचायत समितीत बैठकीला. एकट्या माणसानं झटापट करणाऱ्या पोराला धरायचं, तर इजा होणारच. दोघांचीही.

अधीक्षिका_मेळघाट
आश्रमशाळेत वेगळाच पेच आहे, तो कुणी बोलत नाही. आमच्याकडं दगडापेक्षा पळून जाणं जास्त. जुलै-ऑगस्टात नवीन आलेली पोरं रात्री घरच्या ओढीनं निघतात. नाल्याला पूर, मधे जंगल. एकदा एक पोरगी फाटकातून निघाली, मी तिला कमरेला धरून आणलं. ती मला चावली, ओरबाडलं. मी धरलं नसतं तर? आणि खरं सांगायचं तर तिच्या दृष्टीनं मी तिला कोंडलंच होतं. तिला घरी फोन लावून दिला, आईशी कोरकूत बोलली, मग झोपली. फोन आधी लावला असता तर धरायची वेळ आली असती का, हे मला अजून सुटलेलं नाही. मास्तर आणि वेदांतची आई, तुम्ही दोघंही मला बरोबर वाटता.

फिरती_बाई
मी विशेष शिक्षिका, तालुकाभर फिरते. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलं : दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी प्राथमिकला दहामागं एक, उच्च प्राथमिकला पंधरामागं एक विशेष शिक्षक. माझ्या वाट्याला किती शाळा आहेत ते लिहीत नाही, हसाल.

पोर बिथरलं की आपण पोरावर तुटून पडतो. उलटं करा. बाकीची पोरं बाहेर काढा. बघे गेले की निम्मं वादळ ओसरतं. समोर उभं राहू नका, बाजूला राहा, दोन हात अंतर ठेवा. "काय झालं, कशाला केलं, थांब म्हटलं ना" हा भडिमार बंद करा. एकच वाक्य, हळू. आणि नंतर वही काढून लिहा : वार, वेळ, आधी काय झालं होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत एका पोराचे सगळे राडे साडेअकराच्या आसपास. आई-बाप पहाटेच वावरात, पोरगं उपाशी शाळेत. खिचडी दीड वाजता. स्वयंपाकीताईनं त्याला आल्याबरोबर मुरमुरे द्यायला सुरुवात केली, राडे जवळजवळ थांबले.

वखरपाळी
हे पटलं. पन हापशीपाशी दगड उगारला तवा वही काढून बसाव का मास्तरनं?

फिरती_बाई
नाही. तेव्हा धरावं. सरांनी केलं तेच.

झेडपी_मास्तर
शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पुढचं मांडतो आहे, चुका काढा. इजेचा धोका समोर असेल तरच धरायचं, धोका संपला की लगेच सोडायचं. बांधणं, कोंडणं, पालथं पाडणं, पाठीवर बसणं, विद्यार्थ्यांकडून धरवणं कधीच नाही. त्याच दिवशी वहीत नोंद आणि पालकांना निरोप.

काळा_कोट_पुसद
"समितीनं परवानगी दिली" असं कुठं लिहू नका. समितीला असली परवानगी द्यायचा अधिकार नाही. कार्यपद्धती म्हणा.

वेदांतची_आई
नोंद कोण लिहिणार? ज्यानं धरलं तोच. मग ती नोंद नेहमी त्याच्याच बाजूची. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया. त्यातल्या एका आईची सही त्याच दिवशी हवी.

झेडपी_मास्तर
ताई, वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी सातला वावरात जातात. सहीला कुणाला आणू?

वेदांतची_आई
फोन करा. लेकराला धरलं म्हटल्यावर येते की नाही बघा.

झेडपी_मास्तर
फोन लगेच, हे मान्य. सहीला दुसरा दिवस ठेवतो. "पाठीवर बसू नये" हे वाचून एक सदस्य म्हणाले, हे कशाला लिहायचं, असं कोण करतं?

वेदांतची_आई
करतात. लिहा. आणि सही त्याच दिवशीची, त्यावर मी ऐकणार नाही.