राजारामपुरीतल्या घराचं भाडं यंदा वाढवावं का?

मंडळींनो, नमस्कार.
कोल्हापुरात राजारामपुरीतलं आमचं घर अकरा महिन्यांच्या करारानं दिलंय, भाडं १२,०००. करार संपत आलाय. एजंट म्हणतो, दहा टक्के वाढवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आणतो. भाडेकरू शिरोलीत फाउंड्रीत आहे. ऑर्डरी कमी झाल्यात, ओटी म्हणजे ओव्हरटाइम बंद, दोन पाळ्यांची एक पाळी झालीय. पण घरफाळा मलाही चुकत नाही, इथले, परदेशातले हप्तेही आहेत. काय करू?
— राजारामपुरी, सातवी गल्ली

ताई,
यंदा वाढवू नका. एजंटाला नव्या करारामागं कमिशन मिळतं, म्हणून त्याला गिऱ्हाईक बदलायची घाई. दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांत तुमच्या हाती १३,२०० जादा येतील. घर दोन महिने रिकामं राहिलं की २४,००० गेले, वर रंगाचा खर्च.

आणि मालक परदेशात असला की भाडेकरूला भाड्यातून टीडीएस, म्हणजे मालकाचा आयकर, कापून सरकारकडं भरावा लागतो. ही कटकट बिनबोभाट सांभाळणारा माणूस सहज मिळत नाही.

वर्षाला चार टक्के भाडेवाढीचा नियम कुणी सांगेल. तो १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातला, जुन्या भाडेकरूंसाठी. तुमच्यासारख्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला करारात ठरेल तेच भाडं. म्हणजे कायदा तुम्हाला अडवत नाही, निर्णय तुमचाच. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये, राज्याच्या गृहनिर्माण विभागानं तीन महिने भाडंवसुली पुढं ढकला म्हणून सांगितलं, तेव्हाही मनावर घेणं मालकांच्याच हाती होतं.

२०१९ च्या महापुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं. आम्ही इकडं फोनला चिकटून. भाडेकरूनं मेन स्विच पाडला, आईची शिलाई मशीन आणि कागदपत्रांची ट्रंक माळ्यावर चढवली, मग स्वतःचं सामान आवरलं. अशा माणसाची ओटी गेली असताना त्याच्याकडं जादा हजार-बाराशे मागायला माझी जीभ रेटत नाही.
— शाहूपुरी

दादांचं पटतं, पण ज्यांची चूलच भाड्यावर पेटते त्यांचं काय? माझी मावशी एकटी आहे, वरच्या खोल्यांच्या भाड्यावर तिची औषधं येतात. तिनं भाडेकरूला समोर बसवून विचारलं आणि पाच टक्के ठरवले, तेही सहा महिन्यांनंतर. ताई, तुम्हीही एजंटाला मधे न घेता थेट फोन करा. आणि भाडं तेच ठेवलंत तरी नवा करार नोंदवून घ्या, नुसत्या तोंडी बोलीवर राहू नका.
— मंगळवार पेठ